सुखटणकरांचे खोके

शारजात, रोला मैदानामागच्या गोदामात
एसी बंद पडलाय, आणि मी
डॉ. अच्युत सुखटणकरांचे कागद मोजतेय.
सात खोके. सहा केळ्यांचे, एक फरकोटाचा.

पुण्याच्या संस्थेनं तक्ता पाठवलाय:
वर्ष, भाषा, स्थिती, शेरा.
स्थितीच्या रकान्यात मी लिहिते, वाळू.

प्रबंध. मॉस्को, सत्त्याहत्तर.
विषय, जाण्याची क्रियापदं.
रशियनमध्ये म्हणे जाणं दोन तऱ्हांचं,
नुसतं जाणं आणि जाऊन येणं.
समासात पेन्सिलीनं मराठीत:
आपण निघताना ‘येतो’ म्हणतो.
इथे हे कुणाला पटवता आलं नाही.

मग एकदम बिलं. नव्वदनंतरची.
रशियन बायका रिकाम्या बॅगा घेऊन उतरायच्या
आणि पंचेचाळीस अंशांत फरकोट घालून बघायच्या.
मागे आरसा धरून डॉक्टर,
घासाघिशीचा तर्जुमा करत.
एका बिलाच्या पाठीवर अर्धी कविता,
एका ओळीला सहा पर्याय, सहाही खोडलेले.
आणखी एकावर फक्त आकडे:
छाती अडतीस, बाही तेवीस.
हे अक्षर त्यांचं नाही. हा हात
उजवीकडून सुरुवात करायला शिकलेला.

पगारपत्रकात नाव सापडतं:
जाफर दामुदी, भटकळ. अस्तरं बदलणारा शिंपी.

इथला प्रत्येक गठ्ठा शिवलेला आहे,
फिकट निळ्या दोऱ्यानं,
फरला घालतात तसा, टाका आतून.

पत्रं पाचव्या खोक्यात. वेंगुर्ल्याला, बहिणीला,
ती गेल्यावर भाच्यानं परत धाडलेली.

आमचं माणूस काल तापानं फणफणलं होतं.
आमच्या माणसानं ईदच्या शेवया जाळल्या.
आमचं माणूस महिनाभर गावी गेलंय,
खोली उगाच मोठी वाटते.

मी शुक्रवारी मुलांना मराठी शिकवते.
लिंगाच्या चुका लाल पेनानं गोल करते.
बावीस वर्षांची पत्रं तशीच वाचली, चूक शोधत.
एकदाही ‘तो’ नाही. ‘ती’ तर नाहीच.
एवढं शुद्ध व्याकरण
मी कुणा घाबरलेल्या माणसाचं पाहिलं नव्हतं,
की घाबरलेलं नव्हतंच ते?
आमच्याकडे सगळेच म्हणतात की, आमचं माणूस.

द्वारकाताईंची उत्तरं पोस्टकार्डावर, शाई फुटलेली.
कुळथाची पिठी पाठवतेय, तुझ्या माणसाच्या खोकल्याला बरी.
आणि एका दिवाळीआधी, शेवटी, जागा संपत आली म्हणून बारीक:
दोन सदरे शिवायला टाकतेय. तुझं माप आहे.
तुझ्या माणसाचं कळव.

मी उठून दुसरा खोका पुन्हा उघडते.
छाती अडतीस. बाही तेवीस.
बिलाची तारीख पोस्टकार्डानंतर नऊ दिवसांची.

म्हणजे तिला ठाऊक होतं.
म्हणजे त्या खोलीत एका संध्याकाळी
शिंप्यानं स्वतःभोवती टेप धरली
आणि कुणीतरी हसलं असेल.

दोन हजार अकराचं पत्र एका ओळीचं.
आमचं माणूस गेलं.
ज्यानं जाण्यावर तीनशे पानं लिहिली
त्यानं कुठलं जाणं ते लिहिलं नाही.
द्वारकाताईंचं उत्तर त्याहून लहान:
तू ये.
पुढे पत्र नाही. ते गेले नाहीत.

संस्थेच्या सूचना, कलम चार:
घरगुती व असंबद्ध कागद वगळावेत.
खाली गाडी येऊन उभी आहे, ड्रायव्हर दोनदा हॉर्न देतो.
फरकोटाच्या खोक्यात कागद नाहीतच.
एकाच ताग्यातले दोन सदरे,
एक थोडा मोठा, दोन्हींच्या कॉलरी
उलटवून पुन्हा शिवलेल्या, निळ्या दोऱ्यानं.

मी नवी ओळ आखते.
सदरे, दोन.
वर्ष: तारीख नाही.
भाषा: मराठी.
स्थिती: वापरलेले.